कढईखालची चकती

८ नोव्हेंबर १९८७, रविवार

बॉयलरच्या पाण्यात टाकायची पावडर विकणाऱ्या एजंटाने ही डायरी जानेवारीत दिली होती. दहा महिने ती बायकोच्या, लताच्या मसाल्याच्या डब्याखाली पडून होती. आज काढून पुसली, कारण आता मी जे करणार आहे ते तारखेनिशी लिहून ठेवलेलं बरं. उद्या कोणी म्हणायला नको की हे अभिमन सुरवाडेचं डोकं नव्हतंच.

प्रकार असा आहे. आमच्या जळगावच्या तेल मिलमध्ये सरकी दाबायच्या आधी शिजवतात. त्यासाठी दुहेरी तळाच्या चार मोठ्या कढया आहेत. दोन तळांच्या मधे माझ्या बॉयलरची वाफ जाते, सरकीला शिजवते आणि तिचं पाणी होतं. ते पाणी खालून काढावं लागतं. साचलं तर कढई थंड पडते, आणि मागून येणारी वाफ त्या पाण्याला धडका मारायला लागते. मग पाइप असे ठोकतात की सरकी चाळणाऱ्या बाया सूप टाकून पळतात. पाणी जाऊ द्यायचं आणि वाफ अडवायची, या कामाला कढईखाली ट्रॅप असतात. आमचे चारही ट्रॅप केव्हाच मेलेत. पाण्याबरोबर वाफही भसाभसा गटारात. म्हणजे मी कोळसा जाळतो आणि गटार शेकतो!

काल इंजिनियर चौधरी साहेबांनी मला एका मासिकातलं चित्र दाखवलं. ट्रॅप काढून त्या जागी नुसती एक चकती बसवायची, मधे बारीक भोक. साहेब म्हणाले, "भोक नेमकं पडलं तर पाणी जाईल आणि वाफ अडेल. पण नेमकं म्हणजे किती, त्याचा हिशोब करावा लागेल. मला सध्या वेळ नाही."

मी म्हणालो, "साहेब, हिशोब कशाला? मी मोजून देतो."

साहेब चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, "कर." बस, तेव्हापासून मला चैन नाही. जेवताना लता काय बोलली तेही ऐकलं नाही. ती म्हणाली, "भोक आमच्या बुवाच्या डोक्यातच पडलं वाट्टे."

१२ नोव्हेंबर, गुरुवार

मोजलं! आधी एका कढईचं पाणी तासभर बादल्यांत धरलं. वीस बादल्या भरल्या. मग अर्धा इंच जाडीची पितळी चकती घेतली. पातळ घेतली असती तर वाफेने महिन्यात झिजली असती, एवढी अक्कल मला आहे. तिला तीन एमएमचं भोक पाडलं आणि बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाच्या लाइनीवर बसवून पंप चालू केला. दाबाचा काटा चार किलोवर, कढईत असतो तेवढाच. घड्याळ लावून बघितलं तर दोन मिनिटांत एक बादली. म्हणजे तासाला तीस. लागतात वीस, जातात तीस. याला म्हणतात माप.

उखर्डू नाना शेजारी उकिडवे बसून बघत होते. नाना आमचे जुने फिटर. भुसावळच्या इंजिनशेडमध्ये उमेदीची वर्षं काढून इथे आले. आमच्याच वस्तीत राहतात. मला या मिलमध्ये कोळसा ओढायला त्यांनीच चिकटवलं होतं, आणि ते हे विसरू देत नाहीत. म्हणजे बोलत नाहीत, पण बघतात तसे. त्यांना अक्षर येत नाही. मी मात्र रात्रशाळा केली, बॉयलरचं सर्टिफिकेट काढलं.

नाना म्हणाले, "अभिमन, हाई थंडा पानी शे रे भाऊ. कढईखालनं पानी आधनगत ऱ्हास. त्यानी चाल येगळी."

मी म्हणालो, "नाना, पाणी ते पाणी. गरम झालं म्हणून काय त्याला शिंगं फुटतात?"

"ठीक शे. तू शिकेल शे," म्हणाले आणि उठून गेले. म्हाताऱ्याला पोटात दुखलं. दुखणारच. तीस वर्षं फिटरचे पाने चालवून जे सुचलं नाही ते मला चार दिवसांत सुचलं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

पहिल्या कढईला चकती बसली आणि चालली!

आधी जरा भानगड झाली. सकाळी वाफ सोडल्यावर अर्ध्या तासाने खालचा पाइप टक-टक करायला लागला. वर माचावर सरकी ढवळणारा निंबा ओरडला, "अभिमनभाऊ, कढई नरम पडतेय!" साहेब यायची वेळ झालेली. तेवढ्यात नाना म्हणाले, "तू बॉयलरकडे जाय. काच देखी ये. पानी उतरनं वाटस." मी पळत गेलो. बॉयलरच्या काचेत पाण्याची पातळी बरोबर होती, म्हाताऱ्याला भास झाला असेल. परत आलो तर पाइप गप्प आणि कढई कडक तापलेली. चकतीला बसायला थोडा वेळ लागला असणार. नवीन वहाणसुद्धा दोन दिवस चावते.

साहेब आले. गटारात वाफेचा लोट नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. बायपासमधून, म्हणजे चकती टाळणाऱ्या बाजूच्या पाइपातून, थोडं जास्त वाहत होतं असं मला वाटलं, पण त्याचा वॉल, म्हणजे ती चाकाची जुनी तोटी, गळकीच आहे. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांसमोर! नाना तेव्हा भिंतीला टेकून बसले होते, जिथे बायपासची चाकं आहेत तिथे. एका शब्दाने शाबास म्हणाले नाहीत.

३ डिसेंबर, गुरुवार

चारही कढयांना चकत्या बसल्या. कोळसा इतका कमी लागतोय की कोळशाचा गाडीवाला मला विचारतो, मिल बंद पडणार का? साहेब म्हणाले, संचालकांकडे बॉयलर इन्चार्जच्या जागेसाठी तुझं नाव पाठवतो. या मिलमध्ये आमच्या वस्तीतला माणूस आजवर झाडूवाला, हमाल, कोळसेवाला झाला, फार तर फिटर. खुर्चीवर बसून बुकात सही करणारा एकही नाही. मी घरी येईपर्यंत सायकल तीनदा थांबवली. उगाच.

लताला सांगितलं तर तिचे डोळे भरले. मग म्हणाली, "नानाच्या घरची भागाबाई मलम मागाले आली होती, भाजल्याचं. नानाचे हात पाह्यले का तुमी?"

मी म्हणालो, फिटरचे हात भाजतातच. आनंदाच्या दिवशी हिला मलम सुचतं!

२२ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा कढयांखाली ठोके पडले. निंबाने दोन घाणे कच्चे काढले. सरकी ओली आली असणार, दुसरं काय? गोदामवाल्याला झाडला. तो म्हणाला, कालचीच सरकी आहे, काल नाही का शिजली? उलटं बोलतो.

५ जानेवारी १९८८, मंगळवार

(जुन्याच डायरीत लिहितोय. कोरी पानं भरपूर आहेत, वरच्या तारखा खोडल्या.)

पुन्हा मंगळवार आणि पुन्हा ठोके. मी मागचं सगळं आठवून पाहिलं. चारी मंगळवार असंच. आपण वार-बीर, नवस-सायास काही मानत नाही, बाबासाहेबांनी आपल्याला त्या चिखलातून काढलं. पण च्यायला, मंगळवारीच कसं? मंगळवारी नानांची सुट्टी असते म्हणून पाने मलाच मारावे लागतात, त्या गडबडीत माझंच काहीतरी चुकत असेल. आता मंगळवारी दाब अर्धा किलो कमी ठेवून बघतो.

१९ जानेवारी, मंगळवार

दाब कमी ठेवला. काही उपयोग नाही. निंबाला विचारलं, "इतर दिवशी ठीक आणि आजच का रे?" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मले काय माहीत, भाऊ." त्याला काहीतरी माहीत आहे असं वाटलं, पण निंबा तसा बावळटच आहे.

११ फेब्रुवारी, गुरुवार

संचालकांनी होकार दिला. एक एप्रिलपासून इन्चार्ज. शिवाय आमच्या सहकारी संघाच्या धुळ्याच्या मिलमध्ये आठ कढया आहेत, तिथेही चकत्या बसवायला मला पाठवणार. वस्तीत बातमी पसरली. विहारात बैठक झाली आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार करायचं ठरलं. हे सुचवलं कोणी, तर नानांनी! मला बरं वाटलं आणि रागही आला. तोंडावर एक चांगला शब्द नाही, आणि सभेत सत्कार.

नाना आता दिवसभर त्या भिंतीपाशीच असतात. चहालाही उठत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "हिवाळा शे ना. आठे ऊब वाटस." हाताला सदा उपरणं गुंडाळलेलं. आठ महिन्यांनी निवृत्त होणार, म्हणून आत्तापासून सराव चाललाय वाटतं.

४ मार्च, शुक्रवार

माझं डोकं अजून शांत होत नाही.

दुपारी मी पाठीमागच्या दाराने आत आलो तर नाना दुसऱ्या कढईच्या बायपासचं चाक फिरवत होते. ट्रॅप असो की चकती, तिला वळसा घालून पाणी सरळ गटारात सोडायची ती वाट. चांगलं पाऊण उघडलेलं! गटारात वाफ फसफसतेय. मी चार महिने जी वाफ वाचवली ती हा माणूस माझ्या पाठीमागे सोडून देतोय.

मी ओरडलो, "नाना! हे काय चाललंय?"

ते दचकले. चाक बंद करून म्हणाले, "थोडं पानी काढी दिधं, बस."

"पाणी काढायला चकती आहे ना? मग तुम्ही कशाला? माझं नाव झालं ते बघवत नाही का तुम्हाला?"

निंबा माचावरून बघत होता, चाळणीच्या बाया बघत होत्या. नाना माझ्याकडे बघत राहिले. उपरणं सावरून भिंतीला टेकले. बोलायला काही असतं तर बोलले असते.

मी साहेबांना लेखी दिलं. फिटर उखर्डू विनाकारण बायपास उघडून वाफ वाया घालवतात, त्यांना कढईखात्यातून हलवावं. लताला सांगितलं नाही.

७ मार्च, सोमवार

नानांची विहिरीवरच्या पंपघरात बदली झाली. सावलीत बसायचं, पंप चालू-बंद करायचा. म्हाताऱ्याला सोयीचंच झालं. जाताना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "धुळे जाय राह्यना ना? तठला फिटरले धरी ठेव. एखला नको करू." मी नुसती मान हलवली. उद्या सकाळची एसटी.

९ मार्च, बुधवार. धुळे

इथली माणसं एकजात गाढव आहेत.

काल पोहोचलो, आज पहिली चकती बसवली. तेच पितळ, तेच माप. पाऊण तासात कढई थंड आणि पाइप असा ठोकला की छताची धूळ खाली आली. इथला फिटर वना. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "जळगावले कसं चालस मंग?" मी म्हणालो, जळगावला माणसं धड आहेत. पाण्यात क्षार असतील म्हणून चकती काढून बघितली. भोक आरपार स्वच्छ. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. दुसऱ्या कढईला लावली, तिथेही तेच.

वनाने न विचारता बायपास थोडा उघडला. ठोके थांबले.

मी त्याला म्हणालो, "बंद कर. ते उघडायचं नसतं." त्याने बंद केला. दहा मिनिटांनी ठोके सुरू.

मला इथे बसवत नाहीये. आज बुधवार आहे, मंगळवार नाही.

१० मार्च, गुरुवार. धुळे

दुपारी जळगावहून फोन आला. साहेब स्वतः. म्हणाले, "ताबडतोब नीघ. दोन नंबरच्या कढईखालचा सांधा फुटला. उखर्डू भाजलेत. त्यांनीच पंपघर सोडून येऊन वॉलला हात लावला, मागच्या रागातून. तुझा लेखी अर्ज होताच. चौकशी लागतेय."

मी "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिलो. कुठे भाजलेत, किती भाजलेत, हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही. अशा वेळी कुठला माणूस हे विचारायला विसरतो?

११ मार्च, शुक्रवार

पहाटेच्या गाडीने आलो आणि घरी न जाता मिलमध्ये गेलो. दोन नंबर बंद आहे, बाकी तीन चालू. निंबा माचावर चढायला तयार नव्हता. मी त्याचा दंड धरला आणि म्हणालो, "खरं सांग."

त्याने सांगितलं. नाना पंपघरात गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच चारही कढया ठोकत होत्या. काल दोन नंबर इतकी हलायला लागली की हा माचावर कठडा धरून ओरडत राहिला, खाली उतरता येईना. विहिरीवर नानांना ठोके ऐकू आले. ते पळत आले. साठीला टेकलेला माणूस. निंबाला उतरवलं आणि बायपासचं चाक फिरवायला गेले. तेवढ्यात सांध्यातलं पॅकिंग फुटलं आणि उकळतं पाणी दोन्ही हातांवर आलं.

मी म्हणालो, "पण बायपासच का?"

निंबा माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊ, तुमची चकती निम्मं पाणीसुद्धा काढत नाही. पहिल्या दिवसापासून नाना हातानं काढत होते. थोडं उघडायचं, थोडं बंद करायचं, दिवसभर. साऱ्यांना माहीत होतं. बायांनाबी माहीत. नानांनी आम्हाला पोराबाळांची शपथ घातली होती, अभिमनला कळू द्यायचं नाही म्हणून."

मंगळवारी नानांची सुट्टी. हे माझ्याच अक्षरात, दोन महिन्यांपूर्वीच्या पानावर आहे. मी स्वतः लिहिलं आणि स्वतःला वाचता आलं नाही.

तीन नंबरची कढई टकटकायला लागली होती. मी बायपासला हात घातला आणि झटकन मागे घेतला. लोखंडी चाक, त्याला पोत्याचं फडकं गुंडाळलेलं, तरी चटका बसला. दोन आटे उघडलं आणि ठोके थांबले. तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. मला रडायला येत होतं आणि बाया बघत होत्या.

१२ मार्च, शनिवार

नाना घरी आहेत. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्टीत. मी दारात उभा राहिलो. भागाबाईंनी "ये" म्हटलं नाही आणि "जा"ही म्हटलं नाही.

मी म्हणालो, "नाना, का नाही सांगितलं मला?"

"मी काय सांगू? साहेब तुन्हा पाठवर हात ठेवी राह्यना व्हता," नाना म्हणाले. मग सहज बोलावं तसं म्हणाले, "सकाये कारकून येल व्हता. मी ठसा दी टाका."

कारकुनाने कागद लिहून आणला होता: वैयक्तिक आकसातून मी, फिटर उखर्डू, वॉलशी छेडछाड केली, त्यामुळे अपघात झाला. नानांची बोटं पट्टीत, अंगठा उठेना. फक्त डावी करंगळी मोकळी होती, तिचाच ठसा घेतला. आता बडतर्फ करणार. निवृत्तीला सात महिने राहिलेले असताना!

मी म्हणालो, "मी साहेबांना सांगतो सगळं."

नाना एकदम ओरडले. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "खबरदार! मन्हं काय जास? मन्हं व्हयी गयं. आपला पोऱ्या त्या बुकमा सही करी, हाई माले देखानं शे. येक येळ बसनारले उठाडं का पुन्हा कोनीच बसाडत नही."

मी निघून आलो. बसस्टँडपर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

१४ मार्च, सोमवार

खरं लिहायचं तर मला गप्प बसायचं आहे. ही डायरी कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. नानांनी ठसा दिलाच आहे. ते स्वतः म्हणतात गप्प बस. एक एप्रिलला खुर्ची. मी इन्चार्ज झालो की दुसऱ्याच दिवशी चकत्या बदलेन, मोठं भोक पाडेन, कोणाला कळणारही नाही. आमच्या वस्तीतल्या चार पोरांना आत घेईन. सत्काराची पत्रिका छापायला गेलीये. यात वाईट कोणाचं होतं?

लताला हे सगळं बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन् नानाले चोर ठरवून तुमी हार घालून घेसाल. मले त्या दिवशी माहेरी धाडा एदलाबादले."

तिच्यावर ओरडलो. जेवलो नाही. नुसता येरझाऱ्या घालतोय.

१५ मार्च, मंगळवार

साहेबांना म्हणालो, चौकशीच्या आधी मला एक तास द्या. चारही बायपासना मी तारेने बांधून लाखेचं सील लावतो. तुम्ही आणि संचालक समोर उभे राहा. माचावर कोणी चढणार नाही, दोन नंबरला नवा सांधा घालून घेतो. साहेबांनी विचारलं, "कशासाठी?" मी म्हणालो, "बघा म्हणजे कळेल." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटतं तेव्हाच त्यांना कळलं.

१८ मार्च, शुक्रवार

नऊला वाफ सोडली. दोन संचालक, साहेब, कारकून, सगळे दाराशी. लाख मी स्वतः लावली होती.

नऊ वाजून वीस मिनिटांनी पहिला ठोका पडला. तीन नंबर. मग एक नंबर. अर्ध्या तासात चारही कढया हलायला लागल्या आणि संचालक दाराबाहेर गेले. सरकी वर कच्चीच होती. खोटं कशाला लिहू, आतून एक प्रकारचं बरंही वाटत होतं. साहेब ओरडले, "बंद कर!" मी वाफ बंद केली.

एक संचालक म्हणाले, "मग साडेतीन महिने हे चाललं कसं?"

मी म्हणालो, "नानांच्या हातांनी चाललं. चकती माझी चुकली. थंड पाण्यावर मोजली. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी हसलो. त्यांनी ठसा दिलेला कागद खोटा आहे, आणि माझा चार तारखेचा अर्जसुद्धा."

नंतर साहेबांनी मला केबिनमध्ये नेलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "हिशोब मी करायला हवा होता. मला वेळ नव्हता." मग कागदावर काढून दाखवलं. कढईतलं पाणी दाबाखाली असतं, शंभराच्या वर तापलेलं. भोकात शिरताच त्याच्यावरचा दाब उतरतो आणि ते तिथल्या तिथे उकळतं. त्याची वाफ होते, ती वाफ भोकातच जागा अडवते, आणि मागचं पाणी तटून राहतं. मी भोक जाड चकतीत पाडलं, म्हणजे उकळायला भरपूर लांबी दिली. साहेब म्हणाले, एसटीच्या दारात उतरता उतरता एकाने छत्री उघडावी तसं. मागचे कितीही ढकलोत, पुढे मैदान कितीही मोकळं असो, दारातून तेवढीच माणसं निघणार. मला हे इतकं स्पष्ट कळलं की चीड आली. नानांना हे कोणी कागदावर काढून दाखवलं नव्हतं.

१९ मार्च, शनिवार

निकाल लागला. नानांवरचं सगळं मागे घेतलं, दवाखाना मिल करणार. एक एप्रिलपासून इन्चार्ज म्हणून शालिग्राम पाटील येणार, तेलघाणीच्या खात्यातले. मी जिथे होतो तिथेच. शालिग्रामने आयुष्यात बॉयलर पेटवलेला नाही. विहारातून दोघं येऊन गेले, पत्रिका थांबवली म्हणाले. वाईट बोलले नाहीत. चहा घेतला, कपाकडे बघत बसले, उठले. मला वाटलं होतं खरं बोलल्यावर हलकं वाटेल. सकाळपासून घरात तीनदा खुर्ची हलवून ठेवली.

२० मार्च, रविवार

नानांना बातमी सांगायला गेलो. खरं म्हणजे शाबासकी घ्यायलाच गेलो होतो, लपवून काय उपयोग.

नाना भिंतीला टेकून बसले होते, समोर ताट. मी म्हणालो, "नाना, तुमच्यावरचं सगळं निघालं. साहेबांनी स्वतः लिहून दिलं."

नानांनी तोंड फिरवलं. "तुले कोनं सांगं व्हतं?"

मी उभाच. भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "मंग कोन व्हयना इनचार्ज?"

"शालिग्राम."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "त्याले वाफनं काही समजस का?"

"नाही."

"मंग शिकाड त्याले. नही तं कोनले तरी भाजी मारी तो."

मी "हो" म्हणालो. भागाबाईंनी मला बसायला पाट दिला आणि दुसरं ताट वाढलं, भाकरी आणि वांग्याची भाजी. मग त्या नानांसमोर बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि त्यांच्या तोंडात घातला. नानांनी लहान मुलासारखा 'आ' केला. मी ताटाकडे बघत होतो. भागाबाई म्हणाल्या, "हाई आतेनं नही रे भाऊ. डिसेंबरपाईन मीच भरावस यासले. हातना फोड कवयच भरना नहीत. जेव तू."

डिसेंबरपासून. मी रोज त्या माणसाबरोबर काम केलं.

मी भाकरी मोडली. माझ्या हाताने जेवत होतो, आणि मला त्याचीच लाज वाटत होती.